पुण्यात शिकायला येताय? खोली, रूममेट आणि पार्टटाइम काम कोणत्या क्रमाने ठरवायचं

कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची यादी लागते, कॉलेजात हजर व्हायला हातात चार-पाच दिवस असतात, आणि तेवढ्यात पोरं आईवडिलांसोबत भर पावसात खोल्या बघत फिरतात. मिळेल ती खोली घ्यायची, गावाकडचा ओळखीचा म्हणून त्यालाच रूममेट करायचं आणि भाडं जड जातंय हे दिसलं की "काहीतरी पार्टटाइम बघू" म्हणायचं. बहुतेकांचे निर्णय याच क्रमाने होतात आणि दिवाळीपर्यंत तिन्ही एकमेकांत अडकतात. भाड्यासाठी काम, कामामुळे बुडालेली प्रॅक्टिकल्स, आणि रात्री उशिरा येण्यावरून रूममेटशी खटके.

खोली, रूममेट आणि काम हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. तिन्हींचा भार तुमच्या आठवड्याच्या तासांवरच पडतो. म्हणून आधी तास मोजायचे, मग जागा ठरवायची, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी काम. पहिल्या सत्राचं भाडं पार्टटाइमच्या कमाईवर अवलंबून ठेवायचं नाही, हा नियम कितीही अडचण असली तरी मोडू नये. घरचे पैसे, शिष्यवृत्ती आणि सरकारी भत्ता मिळून भाडं आणि मेस निघत नसेल, तर जागा स्वस्त करायची. कामाचे तास वाढवून तो खड्डा बुजवायला जाऊ नका.

आधी आठवड्याचे तास

आठवड्यात १६८ तास. इंजिनिअरिंग किंवा फार्मसीसारख्या कोर्सचा हिशेब साधारण असा बसतो: झोप ४९, लेक्चर-प्रॅक्टिकल ३२, प्रवास ९, आंघोळ-जेवण-कपडे-साफसफाई २१, स्वतःचा अभ्यास २०. बेरीज १३१. उरले ३७. हे ३७ तास मोकळे दिसतात, पण त्यातच आजारपण, सबमिशनच्या रात्री, घरी फेऱ्या आणि मित्रांसोबतचा वेळ जातो. त्यामुळे कामाला आठवड्याला १२ ते १५ तासांच्या वर देऊ नयेत. बीए-बीकॉमचं वेळापत्रक सकाळच्या सत्रात संपत असेल तर १८-२० तास निघू शकतात. बऱ्याच कॉलेजांत ७५ टक्के हजेरीची अट असते. ती धरूनच हा हिशेब करा.

याच तक्त्यावरून लांबची स्वस्त खोली खरंच स्वस्त आहे का तेही कळतं. समजा कॉलेजजवळच्या खोलीपेक्षा लांबची खोली महिन्याला १,५०० रुपयांनी स्वस्त आहे, पण रोज दीड तास जास्त प्रवास आहे. महिन्याचे २४ दिवस धरले तर ३६ तास गेले. १,५०० भागिले ३६, म्हणजे तासाला ४२ रुपयेही नाहीत. बसचं भाडं किंवा पेट्रोलचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. कुठलीही शिकवणी याहून जास्त देते.

वसतिगृहाचा अर्ज सगळ्यात आधी

कॉलेजचं वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्यावं. करार, ब्रोकर, गॅस, लाइट बिल यातलं काहीच डोक्याला लागत नाही आणि सीनिअर लोकांची ओळख होते. ते नसेल तर समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं, वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं आणि विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था बघा. समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी पुण्यात वसतिगृहं चालवते. तिथे मुलाखत होते आणि जागा मोजक्याच असतात, त्यामुळे कॅपच्या यादीची वाट न बघता अर्जाची तारीख आधीच काढून ठेवा.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तरी रिकाम्या हाताने फिरायचं कारण नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यात वर्षाला ६० हजार रुपये धरलेले आहेत: जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना, तर ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक कोर्ससाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतो. उत्पन्न, गुण आणि हजेरीच्या अटी चालू वर्षाच्या सूचनेत वाचून घ्या.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. हे पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडत नाहीत, म्हणून डिपॉझिट त्यातून भरण्याचा बेत करू नका. आणि बाहेर भाड्याने राहतोय याचा पुरावा लागतो, म्हणून करार, भाड्याच्या पावत्या आणि मेसची बिलं पहिल्या दिवसापासून एका फाइलला लावा. "पावती नाही, पण भाडं कमी करतो" म्हणणारा घरमालक अशा वेळी महागात पडतो.

पहिला महिना कॉट बेसिसवर

वसतिगृह नाही मिळालं तर थेट फ्लॅट धरू नका. आधी महिना-दोन महिने कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एका कॉटचं भाडं देऊन, किंवा पीजीमध्ये (पेइंग गेस्ट म्हणून) राहा. जुलै-ऑगस्टमध्ये मागणी सगळ्यात जास्त असते, घरमालक अडून बसतात आणि भाव उतरत नाही. शिवाय तेव्हा तुम्हाला कॉलेजचं वेळापत्रक माहीत नसतं, शहर माहीत नसतं आणि कोणासोबत पटेल तेही माहीत नसतं. महिनाभर वर्गात बसल्यावर ही तिन्ही उत्तरं आपोआप मिळतात.

पैशाचा फरकही मोठा आहे. समजा कॉटचं भाडं ४,५०० आणि डिपॉझिट तेवढंच. पहिल्या दिवशी ९ हजार लागले. दुसरीकडे चौघांनी मिळून २४ हजारांचा टू बीएचके घेतला, डिपॉझिट ६० हजार आणि ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं. माणशी भाडं ६,०००, डिपॉझिट १५,०००, ब्रोकरेज ६,०००, कराराच्या खर्चातला वाटा ७०० ते ८००, आणि गादी, बादली, भांडी, पंख्याची डागडुजी मिळून ४,०००. म्हणजे पहिल्या दिवशी माणशी जवळपास ३२ हजार. ब्रोकरेज परत येत नाही, त्यामुळे ते ११ महिन्यांत वाटून भाड्यात मिळवा: ६,००० चं भाडं खरं म्हणजे साडेसहा हजारांच्या वर जातं. आणि चार महिन्यांत फ्लॅट सोडायची वेळ आली तर साडेसात हजारांवर.

कॉट घेताना विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण टाळायचे नाहीत. खोलीत किती कॉट आणि बाथरूम कितीजणांत एक? सकाळी साडेसात ते नऊ या वेळात तिघांमागे एक बाथरूम जेमतेम पुरतं. पाचांमागे एक असेल तर पहिलं लेक्चर बुडतंच. लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं? रात्री गेट किती वाजता बंद होतं? सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं? आणि चालवणारा माणूस मालक आहे की त्याने फ्लॅट भाड्याने घेऊन पुढे कॉट लावल्यात? दुसरा प्रकार असेल तर मालकाची लेखी परवानगी बघा. नसेल तर मालक आणि चालवणारा यांच्यात बिनसल्यावर सामान तुमचं रस्त्यावर येतं. पीजीवाला बिलात जीएसटी लावत असेल तर त्याला विचारा: जुलै २०२४ पासून माणशी महिना २० हजारांपर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांचं राहणं जीएसटीतून मुक्त आहे.

कुठल्या भागात

कॉलेज जिथे आहे तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं हा पहिला घेर. त्यात परवडलं नाही तर एकाच बसने किंवा एका मेट्रोने पोचता येईल असा दुसरा घेर. बस बदलावी लागते तो तिसरा, आणि तो शक्यतो टाळायचा. कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींसाठी कर्वेनगर, पीआयसीटी आणि भारती विद्यापीठासाठी धनकवडी-बालाजीनगर-कात्रज, सीओईपी आणि मॉडर्नसाठी शिवाजीनगर, एसपीसाठी सदाशिव पेठ, पीसीसीओईसाठी निगडी-आकुर्डी हे उघड पर्याय. मेट्रोमुळे एक नवा पर्याय मिळाला आहे. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात, त्यामुळे शिवाजीनगरच्या कॉलेजसाठी वनाझच्या बाजूला किंवा पिंपरीकडे राहूनही वेळेचा भरवसा राहतो. रस्त्यावरच्या प्रवासात तो भरवसा नसतो.

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांची गर्दी आहे. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, पुस्तकं सगळं पायाखाली असतं, म्हणून पदवीचे विद्यार्थीही तिथे ओढले जातात. पण जुन्या इमारतींत उजेड आणि हवा कमी असते, जिने अरुंद असतात. वरच्या मजल्यावरची खोली घेताना खाली उतरायला दुसरी वाट आहे का ते बघून ठेवा.

पाणी हा पुण्यात वेगळा विचारायचा मुद्दा आहे. वाघोली आणि हिंजवडीच्या बाजूला बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च कधी मेन्टेनन्समध्ये, तर कधी वेगळा लावला जातो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. म्हणून मालकाला सरळ विचारा: प्यायला महापालिकेचं पाणी येतं का, किती वाजता येतं, दुरुस्तीसाठी गुरुवारी बंद असलं तर टाकी पुरते का? हेच प्रश्न पुन्हा शेजारच्या बिऱ्हाडाला विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तरच विश्वास ठेवा.

जागा बघताना

जागा दोनदा बघायची: एकदा दिवसा, एकदा रात्री आठनंतर. दिवसा उजेड, ओल आणि पाणी कळतं. रात्री गल्लीतले दिवे, रस्त्याचा आवाज आणि खालच्या दुकानांसमोर कोण थांबतं ते कळतं. मुलींनी तर रात्रीची फेरी बसस्टॉपपासून चालतच करावी.

आत गेल्यावर आधी बाथरूम. नळ पूर्ण सोडून बादली किती वेळात भरते ते बघा, मग फ्लश ओढा आणि नळाला अजून धार आहे का ते पाहा. जाळीतून पाणी लगेच उतरतं की साचतं? गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर किंवा उघड्या डक्टमध्ये आहे का, हे स्वतः बघा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, चक्कर आल्याचं कळेपर्यंत दार उघडायची ताकद उरत नाही. अशी जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, किंवा आधी इलेक्ट्रिक गिझर बसवून घ्या.

मग गादी आणि कॉट. मोबाइलची टॉर्च लावून गादीची शिवण बोटांनी उलगडा आणि लाकडी कॉटच्या सांध्यांत उजेड पाडा. मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके, पांढरट बारीक अंडी किंवा चादरीवर सुकलेले तपकिरी डाग दिसले तर ढेकूण आहेत. ढेकूण असलेल्या खोलीत एक रात्र बॅग ठेवली तरी ते कपड्यांतून पुढच्या खोलीत आणि सुट्टीत घरीही जातात. "औषध मारून देतो" यावर भागवू नका. फवारणी दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा तरी करावी लागते, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात.

भिंतीला तळहात लावून ओल बघा, विशेषतः कपाटामागे. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांना मारलेला दिसला तर पावसाळ्यात तिथे ओल चढते असं समजा. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून पाहा. मोबाइलची रेंज तुम्ही अभ्यासाला बसाल त्या कोपऱ्यात तपासा. खिडकीत तपासून उपयोग नाही.

टोकन, मालक आणि करार

जागा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नका. ऑनलाइन जाहिरातींतला ठरलेला डाव असा: भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, मालक "सैन्यात आहे, बदली झाली", फोटो सुंदर, आणि डिपॉझिटसाठी किंवा "पैसे परत करण्यासाठी" क्यूआर कोड येतो. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

मालक खरा आहे का हे बघायला तीन कागद पुरतात: महापालिकेच्या मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल आणि खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा). तिन्हींवरचं नाव आणि समोरच्याचं आधार कार्ड जुळलं पाहिजे. मालक परदेशात असेल तर ज्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे त्याचं पत्र बघा.

आता करार. "११ महिन्यांचाच आहे, नोटरी करून देतो, नोंदणी लागत नाही" हे वाक्य पुण्यात तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर घरमालक उलट सिद्ध करत नाही तोवर भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते मुदतीचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,६४,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज ५,५००, एकूण २,६९,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी करतो, त्याची फी वेगळी. सरकारी रक्कम किती आणि त्याची फी किती हे दोन आकडे वेगळे सांगायला लावा. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही याच वेळी ऑनलाइन भरून घ्या आणि त्याची प्रत ठेवा.

अठरा वर्षं पूर्ण नसतील तर करार तुमच्या नावावर होत नाही, सही पालकांची लागते. पहिल्या वर्षाला येणारे बरेच जण सतरा वर्षांचे असतात, तेव्हा आईवडिलांना गावी पाठवण्याआधी हे उरका.

करारात या गोष्टी शब्दांत आहेत का ते वाचा: लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) किती महिने, सोडण्याची नोटीस किती दिवसांची, मेन्टेनन्स भाड्यात आहे का, आणि डिपॉझिट किल्ली देताना त्याच दिवशी परत मिळणार का. सगळ्यात जास्त भांडण होतं ते रंगावरून. "सोडताना रंगाचे पैसे कापणार" असं असेल तर रक्कम आताच आकड्यात लिहून घ्या, नाहीतर साठ हजारांतले पंधरा हजार रंगातच जातात. मुदत संपल्यावर नवा करार न करता तसंच राहू नका. ताबा दिला नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं.

डिपॉझिट आणि भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको. किल्ली मिळाली त्या दिवशी सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढा: भेगा, तुटलेल्या फरशा, नळ आणि शेवटी लाइटच्या मीटरचा आकडा. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. जुनी थकबाकी तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून महावितरणच्या ॲपवर थकीत रक्कमही बघून घ्या. मालकाने सबमीटर लावला असेल तर युनिटचा दर लिहून घ्या. महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढतो, आणि एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की सगळ्यांनाच वरचा टप्पा लागतो.

रूममेट

गावचा मित्र हा आपोआप चांगला रूममेट होतो असं नाही. शाळेपासूनची मैत्री टिकवायची असेल तर उलट जास्त मोकळेपणाने बोलून घ्यावं लागतं. स्वभाव जुळणं दुय्यम आहे, दिनक्रम जुळणं महत्त्वाचं. पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत जाणारा एमपीएससीवाला आणि रात्री दोनपर्यंत कोडिंग करणारा इंजिनिअरिंगचा मुलगा दोघंही सज्जन असतील, पण एका खोलीत दोघांचीही झोप मोडणार. वेगळ्या खोल्या असतील तर चालेल.

फ्लॅट घेण्याआधी चौघांनी एकत्र बसून पुढचं बोलून घ्या. रात्री दिवा किती वाजता बंद? मित्र मुक्कामाला आले तर किती दिवस चालेल? नॉनव्हेज घरात शिजवायचं का, आणि मालकाची त्याबद्दल काय अट आहे? सिगारेट, दारू घरात चालेल का? परीक्षेच्या महिन्यात स्पीकर, गेमिंग, पार्टी बंद राहील का? घरून दरमहा पैसे कुठल्या तारखेला येतात? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो. पण शेतीवर घर चालतं त्याचे पैसे माल विकल्यावर येतात, पगारदाराच्या मुलाचे एक तारखेला. हे आधीच माहीत असेल तर कुणाच्या उशिराला कोणी लबाडी म्हणत नाही.

करारावर सगळ्यांची नावं असू द्या. एकाच्याच नावावर असेल तर बाकीचे निघून गेल्यावर पूर्ण भाडं त्याच्यावर येतं. डिपॉझिटमधला प्रत्येकाचा वाटा, मध्येच सोडणाऱ्याने पर्यायी माणूस आणायचा की एक महिन्याचं भाडं द्यायचं, आणि नव्या माणसाकडून डिपॉझिट कोण घेणार, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. खोल्या लहान-मोठ्या असतील तर भाडंही सारखं नको. बाल्कनीच्या खोलीतल्या दोघांनी माणशी ६,५०० आणि आतल्या दोघांनी ५,५०० असं ठरवलं की रोजची कुरबुर थांबते.

रोजच्या खर्चाला दर वेळी कॉन्ट्री काढण्यापेक्षा महिन्याच्या सुरुवातीला माणशी ठरावीक रक्कम एका गल्ल्यात जमा करा. त्यातून लाइट, वाय-फाय, झाडू, फिनाइल, पाण्याचे जार, कचऱ्याची फी. गल्ला दर महिन्याला वेगळ्याकडे, म्हणजे प्रत्येकाला खर्च दिसतो. ओला-सुका कचरा वेगळा करायचा आणि सकाळी खाली द्यायचा, ही पाळी भिंतीवर लावा. भांड्यांवरून जितकी भांडणं होतात तितकी भाड्यावरून होत नाहीत, आणि त्यावर एकच उपाय टिकतो: ज्याने खाल्लं त्याने त्याच रात्री आपली भांडी घासायची.

मेस की स्वयंपाक

पहिल्या सत्रात मेसच बरी. महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन वेगवेगळ्या दिवशी सुट्टं ताट घेऊन जेवा, त्यातलं एक रात्रीचं असू द्या, कारण उरलेली भाजी रात्रीच समोर येते. खाड्यांचा नियम नीट विचारा. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस आधी सांगून गेलात तरच खाडे धरतात. त्यामुळे दर शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्याने महिन्याची मेस लावण्यापेक्षा कुपनं घेतलेली परवडतात. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, तो खर्च हिशेबात धरा. फ्लॅटवर चहा, मॅगी, खिचडीपुरता गॅस हवा असेल तर इंडेनचा पाच किलोचा छोटू सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतो. दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून देतात तो गॅस मात्र घेऊ नका. त्यात गळती होते आणि ते बेकायदा आहे.

काम

पहिले दोन महिने काम नको. पहिल्या चाचणीचे गुण हातात आले की तक्त्यातले खरे मोकळे तास कळतात. मग या क्रमाने बघा.

पहिला पर्याय कॉलेजातलाच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी तासाच्या हिशेबाने काम मिळतं. मोबदला बाहेरच्यापेक्षा कमी वाटेल, पण प्रवास शून्य, दोन लेक्चरच्या मधला तास वापरता येतो आणि परीक्षेच्या काळात कोणी अडवत नाही. कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना सत्र सुरू होताच भेटा. नंतर जागा राहत नाहीत.

दुसरा पर्याय शिकवणी. पाचवी ते दहावीचं गणित-विज्ञान चांगलं येणाऱ्याला पेठांत, कोथरूडला, धनकवडीला घरोघरी काम मिळतं. महिन्याला किती बैठका, किती मिनिटांच्या, आणि बुडालेली बैठक भरून द्यायची का, हे ठरवून घ्या. पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागा. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि विद्यापीठाच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षा त्यानंतर, त्यामुळे दोन्हींची घाई एकाच वेळी येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्र परीक्षेची सुट्टी मात्र शिकवणी धरतानाच पालकांना सांगून ठेवा.

तिसरा पर्याय कॅफे, दुकानं, शनिवार-रविवारचे इव्हेंट. इथे प्रश्न पैशापेक्षा सुटण्याच्या वेळेचा असतो. "दहाला सुट्टी" म्हणजे आवराआवर करून अकरा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मुलींना रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या मध्ये त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षेची सोय करावी लागते. घरी सोडायची गाडी आहे का, हे नोकरी घेतानाच विचारा.

डिलिव्हरीचं काम दिसतं तेवढं देत नाही. समजा संध्याकाळी चार तासांत ४०० रुपये मिळाले आणि ४५ किलोमीटर गाडी फिरली. पेट्रोल सव्वाशेच्या आत धरा, टायर-ऑइल-ब्रेकची झीज किलोमीटरला एक रुपया धरली तरी ४५. हातात राहिले २३० ते २५०, तासाला साठच्या आसपास. पावसात चौकाचौकात गाड्या घसरतात, आणि खासगी वापराच्या गाडीवर डिलिव्हरी करताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. विमा कंपनीला विचारल्याशिवाय सुरू करू नका. रात्रपाळीचं कॉल सेंटर सकाळच्या प्रॅक्टिकलवाल्याने घेऊच नये.

कामावर घेताना पैसे मागणारा माणूस काम देत नसतो. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, "सिक्युरिटी" कुठल्याही नावाने मागितले तरी नाही म्हणा. डेटा एंट्रीच्या नावाखाली ऑनलाइन करारावर सही घेऊन नंतर "चुका झाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस" अशा धमक्या देणाऱ्या टोळ्या आहेत. टेलिग्रामवर लाइक आणि रिव्ह्यूचे टास्क देणारे आधी शे-दोनशे रुपये खरेच देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे बँक खातं किंवा सिम "वापरायला" देणं. महिन्याला चार-पाच हजारांच्या आमिषाने दिलेल्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. त्यातून करिअरच अडचणीत येतं. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते आणि गोठवता येत नाही.

खऱ्या कामातही तीन गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा मेसेज चालेल: तासाचा किंवा महिन्याचा दर, पगाराची तारीख, आणि "ट्रायल"च्या दिवसांचे पैसे मिळणार की नाही. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायची नाही, झेरॉक्सवर "फक्त नोकरीच्या अर्जासाठी" असं लिहून तारीख टाका. रोजची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. पगार थकला तर हीच वही आणि मेसेज घेऊन सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

काम सुरू झाल्यावर दर महिन्याच्या शेवटी हजेरी आणि चाचणीचे गुण तपासा. हजेरी ८० टक्क्यांखाली आली की आठवड्याचे चार तास कमी करा, ७५ पर्यंत वाट बघू नका. एखादा विषय राहिला तर पुढच्या सत्रात काम थांबवा आणि त्या काळात भाडं जड जाणार असेल तर फ्लॅट सोडून परत कॉटवर या. नोटीस द्यायला महिना लागतो, म्हणून हा निर्णय निकाल लागल्यापासून आठवड्याच्या आत घ्यावा लागतो.